प्रवाळांचे रोग आणि पाणबुड्यांचे शिक्षण

मनुष्य आजारी पडला म्हणजे आपले दुखणे तो आपल्या तोंडाने सांगतो, आणि वैद्याचे अर्धे काम तेथेच होते. गाय किंवा बैल आजारी पडला तर त्यास बोलता येत नाही. तथापि तो वैरण टाकतो, कान पाडून उभा राहतो, आणि जाणत्या शेतकऱ्यास तेवढी खूण पुरते. परंतु जो प्राणी जन्मभर एका जागी खिळलेला असतो, जो ओरडत नाही, तडफडत नाही, आणि ज्याचे घर समुद्राच्या पाण्याखाली पाच-पंधरा मीटर खोल असते, तो आजारी आहे हे कोणी व कसे ओळखावे? प्रवाळ हा असा मुका रोगी आहे. त्याच्या रोगांची परीक्षा करण्यासाठी पाणबुड्यांना शिकवून तयार करण्याची पद्धत अलीकडे पुष्कळ देशांत पडली आहे. ते शिक्षण कसे असते, त्याची गरज का उत्पन्न झाली, आणि शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींस त्यापासून काय घेण्यासारखे आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रवाळ म्हणजे काय?

सोनाराच्या दुकानातील तांबडे पोवळे आपण सर्वांनी पाहिले आहे. ईयोबाच्या ग्रंथात ज्ञानाचे मोल सांगताना ज्या मौल्यवान वस्तू त्यापुढे कमी ठरविल्या आहेत, त्यांत पोवळ्याचेही नाव आहे. तथापि अंगठीत बसविण्याचे पोवळे मुख्यत्वेकरून भूमध्य समुद्रातील एका निराळ्या जातीचे असते. आम्ही ज्यांविषयी येथे लिहीत आहो, ते उष्ण समुद्रांत खडक बांधणारे पाषाणप्रवाळ होत.

फार दिवसपर्यंत लोक प्रवाळास वनस्पती समजत असत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्स देशातील मार्सेय शहरच्या पेसोनेल नावाच्या वैद्याने प्रवाळाच्या फांद्या समुद्राच्या पाण्यात जिवंत ठेवून त्यांचे बारकाईने निरीक्षण केले. आणि लोक ज्यांस प्रवाळाची फुले म्हणत ती फुले नसून लहान लहान प्राणी आहेत, असे सांगितले. पॅरिसच्या विद्वानांस हे प्रथम पटले नाही. पुढे मात्र त्याचेच म्हणणे खरे ठरले. प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष प्रचलित समजुतीहून वरचढ ठरली, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण आमच्या विषयाचे मर्म तीतच आहे.

प्रवाळाच्या एका जीवास पॉलिप म्हणतात. त्याचे शरीर लहानशा पिशवीसारखे असून तोंडाभोवती बारीक स्पर्शिका असतात. तो आपल्या खाली चुनखडीची एक वाटी तयार करून तीत राहतो. असे शेकडो, हजारो जीव एकमेकांस चिकटून वसाहत करितात. बाहेरून सजीव पापुद्रा आणि आत पांढरा शुभ्र चुनखडीचा सांगाडा, अशी ह्या वसाहतीची रचना असते. त्या पापुद्र्यात अतिसूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करिते व त्याचा मोठा वाटा आपल्या यजमानास देते; प्रवाळाचा तपकिरी किंवा हिरवट रंगही बहुधा त्याचाच असतो.

मोठ्या गोलाकार प्रवाळांची वाढ फार सावकाश होते. वर्षास एक सेंटिमीटर, कित्येकदा त्याहूनही कमी, असे तिचे प्रमाण असते. ह्या हिशेबाने दोन मीटर उंचीचा प्रवाळ आज कोठे उभा असेल, तर त्याचा आरंभ पेशवाईच्या अखेरीस किंवा त्याही पूर्वी झालेला असला पाहिजे. समुद्रतळाचा शेकडा एक भागही प्रवाळांनी व्यापलेला नाही; तरी समुद्रातील जीवजातींपैकी सुमारे चतुर्थांश जातींस आपल्या आयुष्यात केव्हा ना केव्हा ह्या खडकांचा आश्रय लागतो. किनाऱ्यावर येणाऱ्या लाटांचा जोरही ही भिंत आपल्या अंगावर घेते. निरनिराळ्या समुद्रांतील मोजमापे एकत्र करून २०१४ साली असे प्रसिद्ध झाले की, लाटांच्या शक्तीपैकी सरासरी ९७ टक्के शक्ती प्रवाळभित्तीवरच खर्ची पडते. अर्थात प्रवाळ मेला तर मासा जातो, मासा गेला तर कोळ्याची चूल थंडावते, आणि भिंत झिजली तर किनाऱ्यावरचे घरही निर्धास्त राहत नाही.

रोगाचा इतिहास

प्रवाळांसही साथीचे रोग होतात, ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानात येऊन फार काळ लोटलेला नाही. १९७३ साली आर्नफ्रीड अँटोनियस ह्यांनी काळ्या पट्ट्याच्या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. ह्या रोगात सूक्ष्म जीवांचा एक काळा पट्टा प्रवाळाच्या अंगावरून दिवसास काही मिलिमीटर पुढे सरकतो, आणि मागे नुसता पांढरा सांगाडा उरतो. त्याच दशकात कॅरिबियन समुद्रात पांढऱ्या पट्ट्याचा रोग आढळला. हरणाच्या शिंगांप्रमाणे फांद्या फुटणाऱ्या दोन प्रवाळजाती त्या समुद्राचे वैभव समजल्या जात. त्यांची ह्या रोगाने इतकी हानी झाली की, २००६ साली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी त्या दोन्ही जाती संकटग्रस्त जीवांच्या यादीत दाखल केल्या.

परंतु ज्या रोगामुळे पाणबुड्यांच्या शिक्षणास खरी निकड प्राप्त झाली, तो रोग २०१४ साली प्रथम दिसला. फ्लॉरिडा प्रांतातील मायामी शहराजवळ व्हर्जिनिया की नावाचे बेट आहे. त्या बेटानजीकच्या प्रवाळांवर पांढरे डाग पडून ते झपाट्याने पसरू लागले. ह्या रोगास इंग्रजीत स्टोनी कोरल टिश्यू लॉस डिसीझ असे लांब नाव आहे. त्यात प्रवाळाची ऊती, म्हणजे सजीव पापुद्रा, झडून जाते. म्हणून आम्ही त्यास ह्या लेखात 'ऊतिक्षय' असे म्हणू. फ्लॉरिडाची प्रवाळभित्ती सुमारे ५६० किलोमीटर लांब आहे. रोग त्या भित्तीच्या कडेकडेने सरकत २०१८ च्या अखेरीपर्यंत की वेस्टच्या आसपास गेला, आणि २०२१ साली ड्राय टोर्टुगास ह्या अगदी टोकाच्या बेटांसही त्याने गाठले. मधल्या काळात, २०१८ साली, तो मेक्सिकोच्या किनाऱ्यावर व जमैका बेटाजवळ आढळला. २०१९ च्या आरंभी सेंट थॉमस बेटावर दिसला. आणि २०२३ साली दक्षिणेकडील बोनेर बेटापर्यंत पोहोचला. वीसहून अधिक जातींचे प्रवाळ त्यास बळी पडतात. लहान वसाहत काही आठवड्यांत मरते. मोठी, शतकांची साक्षीदार असलेली वसाहत काही महिन्यांत.

ह्या रोगाचे निश्चित कारण अद्याप हाती लागलेले नाही. तो पाण्यातून व परस्परांच्या स्पर्शाने पसरतो हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. बंदरांच्या जवळपास तो अकस्मात प्रकट होतो, यावरून जहाजे तोल सांभाळण्यासाठी पोटात जे समुद्राचे पाणी भरून घेतात, त्या पाण्यावाटे तो दूरवर जात असावा असा संशय आहे. जेथे कारण अज्ञात आहे, तेथे रोग लवकर दृष्टीस पडणे हेच पहिले औषध. पण शेकडो किलोमीटरांच्या भित्तीवर मूठभर शास्त्रज्ञांनी किती ठिकाणी बुड्या माराव्या? म्हणून हौशी पाणबुडे, सहलीच्या नावा चालविणारे, मच्छीमार, विद्यार्थी, ह्या सर्वांच्या डोळ्यांस वळण लावण्याचे काम हाती घेण्यात आले.

पांढऱ्याचे तीन अर्थ

'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही आपल्याकडील म्हण शिकाऊ पाणबुड्यास पहिल्याच दिवशी अनुभवास येते. प्रवाळावर पांढरा डाग दिसला की रोग झाला, असे नवशिक्या म्हणतो. शिक्षक त्यास सांगतात की, पांढऱ्याचे तीन अर्थ होऊ शकतात, आणि त्या तिन्हींतील भेद कळणे हाच ह्या विद्येचा श्रीगणेशा होय.

पहिला अर्थ विरंजन. पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले म्हणजे प्रवाळ आपल्या अंगातील शैवाल बाहेर टाकितो. रंग जातो व पारदर्शक कातड्यातून आतील सांगाडा पांढरा दिसू लागतो. परंतु कातडे तेथेच असते. जवळ जाऊन नीट पाहिले असता लहान लहान स्पर्शिका दिसतात. असा प्रवाळ उपाशी असतो, मृत नसतो. पाणी वेळेवर निवाले तर तो पुन्हा रंग धरू शकतो. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लॉरिडाचा समुद्र अतिशय तापला, तेव्हा चोहोकडे असा पांढरेपणा पसरला होता. त्यातून रोग वेगळा काढणे हे शिकलेल्या डोळ्यांचेच काम होते.

दुसरा अर्थ भक्षण. पोपटमासा आपल्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडतो, तेव्हा कातड्याबरोबर सांगाडाही खरवडला जातो व दातांचे ओरखडे स्पष्ट उमटतात. एक प्रकारची लहान गोगलगाय प्रवाळाच्या कडेस बसून त्याचे कातडे हळूहळू खाते. डागाच्या काठाशी किंवा बुडाखालच्या सावलीत शोधिले तर ती सापडते. काटेरी केसांचा एक समुद्रकिडा फांदीचे टोक तोंडात धरून तेवढेच सोलून काढितो. ह्या सर्वांत चोराने मागे काही तरी माग ठेविलेला असतो.

तिसरा अर्थ रोग. येथे सांगाडा उघडा पडतो, परंतु तो खरवडलेला नसतो. चुनखडीच्या वाट्यांच्या नाजूक कडा जशाच्या तशा शाबूत असतात. डागाला लागूनच निरोगी रंगाचे कातडे असते आणि दोहोंमधील सीमा बहुधा ठळक असते. आसपास खाणारा कोणी दिसत नाही. अशा वेळी मात्र पाणबुड्याने थांबावे व पाटी हाती घ्यावी.

होय, पाटीच! पाण्याखाली कागद-दौत चालत नाही. प्लॅस्टिकची पाटी किंवा पाण्यात न भिजणारा कागद आणि साधी शिसपेन्सिल, एवढीच ह्या विद्वानांची लेखनसामग्री. पहिलीतील मुलाची पाटी समुद्रतळी शास्त्राच्या सेवेस लागली आहे, हे पाहून आमच्या बालवाचकांस मौज वाटेल.

आधी वर्णन, मग नाव

ह्या शिक्षणातील सर्वांत मोठा नियम असा की, रोगाचे नाव घाईने लिहू नये. जे दिसते त्याचे वर्णन प्रथम लिहावे. २००८ साली शास्त्रज्ञांनी प्रवाळांच्या आरोग्यपरीक्षेची चित्रमय पत्रके तयार केली, तीं पाण्याखाली नेता येतात. कॅरिबियन समुद्रासाठी निराळी व हिंदी-प्रशांत महासागरांसाठी निराळी अशी त्यांची योजना आहे. कारण समुद्र बदलला की प्रवाळांच्या जाती बदलतात आणि रोगही बदलतात. त्या पत्रकांत पाणबुड्यास एकामागून एक प्रश्न विचारले जातात. कातडे नाहीसे झाले आहे, की केवळ रंग बदलला आहे, की अंगावर गाठ आली आहे? नाहीसे झाले असेल तर खाणाऱ्याची खूण आहे काय? डाग एक आहे की अनेक? तो बुडापासून वर चढत आहे, की मध्येच सुरू झाला आहे? त्याची कड रेखीव आहे की पुसट? कडेवर रंगाचा पट्टा आहे काय? ह्या प्रश्नांची उत्तरे क्रमाने दिली म्हणजे रोगाचे नाव बहुधा आपोआप पुढे येते. आणि न आले तरी वर्णन वाया जात नाही, पुढे दुसऱ्या कोणास ते उपयोगी पडते.

त्यानंतर पाहावयाचे ते मृत्यूचे वय. उघडा सांगाडा शुभ्र असेल तर मरण ताजे आहे. त्यावर शैवालाची पातळ हिरवट साय धरली असेल तर काही दिवस लोटले आहेत. जाड शेवाळ, स्पंज वगैरेंनी तो झाकून गेला असेल तर ती जुनी कथा होय. एकाच प्रवाळावर तिन्ही अवस्था ओळीने दिसल्या, तर रोग कोठून निघाला व कोणत्या दिशेने चालला आहे हे पाऊलवाटेप्रमाणे वाचता येते.

मग प्रश्न येतो तो गावचा. गावात साथ आली तर कोण आधी आजारी पडले हे पाहून जसा वैद्य साथीचा प्रकार ताडतो, तसेच येथे आहे. ऊतिक्षय सर्व जातींस सारखा धरीत नाही. स्तंभाप्रमाणे उभे वाढणारे प्रवाळ, नागमोडी चरांचे प्रवाळ, आणि अक्रोडाच्या गरासारखे दिसणारे मेंदूप्रवाळ, हे बहुधा प्रथम बळी पडतात. चांदण्यांसारख्या नक्षीचे मोठे गोल प्रवाळ त्यांच्या मागून आजारी होतात. आणि हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांचे प्रवाळ ह्या रोगातून बहुतेक सुटतात. म्हणून फक्त शिंगांच्या जातीवर पांढरा पट्टा दिसला तर अनुभवी पाणबुडा ऊतिक्षयाचा बोभाटा करीत नाही, दुसरे कारण शोधितो. सारांश, रोग ओळखावयाचा तर आधी निरोगी प्रवाळांच्या जाती पाठ असल्या पाहिजेत. शिक्षणाचे पहिले तास ह्या ओळखपाळखीतच जातात.

मोजणी

वर्णनानंतर मोजणी. कॅरिबियन भागात 'अटलांटिक अँड गल्फ रॅपिड रीफ असेसमेंट' ह्या नावाचा उपक्रम चालतो. त्याच्या पद्धतीत समुद्रतळावर दहा मीटर लांबीची फीत पसरितात आणि तिच्या कडेची एक मीटर रुंद पट्टी ही आपली 'शेतजमीन' मानितात. त्या पट्टीतील प्रत्येक प्रवाळाची जात, मापे, ताज्या व जुन्या मृत भागाचे प्रमाण, आणि रोगाची खूण अशी नोंद पाटीवर आखलेल्या रकान्यांत होते. श्वासाची हवा मोजकी असते, म्हणून जातींची लांब नावे न लिहिता चार अक्षरांचे संकेत लिहितात. पाणबुडे नेहमी जोडीने उतरतात. एकटा कोणीही जात नाही.

येथे शाळेतील पदार्थविज्ञान कामास येते. पाण्यातून काचेच्या चष्म्यात येताना प्रकाशकिरण वाकतात, त्यामुळे वस्तू आहे त्याहून जवळ व सुमारे एक-तृतीयांश मोठी दिसते. म्हणून डोळ्यांच्या अंदाजावर न विसंबता पट्टी जवळ धरून माप घ्यावे लागते. पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषून घेते, त्यामुळे खोलीवर सर्व रंग निळसर व मलूल भासतात. खरा रंग पाहण्यास विजेरी लागते. प्रकाशाचा पाठ ज्याने वर्गात झोपेत घालविला, तो समुद्रतळी निरोगी प्रवाळासही रोगी ठरवील!

मृत भागाचे प्रमाण ठरविणे सर्वांत अवघड. त्यासाठी शिक्षक सांगतात की, मनातल्या मनात प्रवाळाचे भाकरीप्रमाणे चार चतकोर करावे. एक चतकोर मेला तर शेकडा २५. त्याचेही अर्धे असेल तर सुमारे १२. नंतर सर्व शिकाऊ पाणबुड्यांना तोच प्रवाळ दाखवून प्रत्येकाचा आकडा स्वतंत्रपणे घेतात व शिक्षकाच्या आकड्याशी ताडून पाहतात. एकाने २० लिहिले व दुसऱ्याने ६०, तर दोघांनाही पुन्हा खाली जावे लागते. सर्वांचे डोळे एका मापास आले म्हणजेच त्यांची नोंद ग्राह्य धरिली जाते. असे नसेल, तर गेल्या वर्षीपेक्षा रोग वाढला की केवळ पाहणारा बदलला, हे कोणासच सांगता येणार नाही.

आणखी एक नियम आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. जेथे रोग आढळला नाही तेथे 'आढळला नाही' असे लिहून कळवावे लागते. कोऱ्या पाटीचा अर्थ 'पाहिलेच नाही' असाही होऊ शकतो. परंतु 'पाहिले व आढळले नाही' ही साक्ष आहे. पुढे तेथे रोग आला तर तो केव्हा आला, हे त्या जुन्या ओळीवरूनच कळते.

वैद्याने रोग वाहू नये

शिकलेला पाणबुडा स्वतःच साथीचे वाहन होण्याचा संभव असतो. म्हणून शुचिर्भूतपणाचे नियम त्यास कसून शिकवितात. पाण्यात वर-खाली न होता एका पातळीवर तरंगत राहण्याची कला त्यास आधी साधावी लागते, म्हणजे हात, पाय किंवा नळी प्रवाळास लागत नाही. एका दिवसात अनेक ठिकाणी उतरावयाचे असल्यास आधी निरोगी जागा व शेवटी रोगी जागा असाच क्रम ठेवावा; उलट कधीही करू नये. वर आल्यावर पोशाख व हत्यारे जंतुनाशक द्रावणात बुडवून मग गोड्या पाण्याने धुवावी, आणि ते मळके पाणी समुद्रात ओतू नये. बोनेर बेटाजवळ रोग दिसला तेव्हा काही जागी पाणबुड्यांस उतरण्याची काही काळ मनाई करण्यात आली होती. ज्यांचा चरितार्थ पाणबुड्यांच्या येण्यावर चालतो अशा बेटाने ती मनाई पत्करली, ह्यावरून प्रसंगाचे गांभीर्य समजावे.

नोंदीचे फळ

कोणी विचारील, एवढे पाहून, मोजून, लिहून काय साधले? त्याचे उत्तर स्तंभप्रवाळाच्या हकीकतीत आहे. ही जात ऊतिक्षयास फार लवकर बळी पडते. २०२२ साली जागतिक निसर्गसंरक्षण संघाने तिची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली, आणि फ्लॉरिडाच्या मोकळ्या समुद्रात तर ती आता नावापुरतीच उरली आहे. परंतु तेथील पाणबुड्या शास्त्रज्ञांनी रोग येण्यापूर्वीपासून तिच्या वसाहती शोधून त्यांची नोंद ठेविली होती. कोठे किती वसाहती आहेत व रोग कोठवर आला आहे हे ठाऊक असल्यामुळे, साथ पोहोचण्यापूर्वी काही वसाहतींचे तुकडे काढून जमिनीवरील हौदांत आणता आले. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात फ्लॉरिडातील एका मत्स्यालयात त्या प्रवाळांनी अंडी सोडली. मोकळ्या समुद्रात जी जात विझत चालली होती, तिची ज्योत हौदात जिवंत राहिली. ज्याने पाटीवर पहिली ओळ लिहिली, त्यास हे श्रेय पोहोचते.

उपचाराचीही गोष्ट अशीच आहे. अमॉक्सिसिलिन हे माणसांना देण्यात येणारे औषध एका चिकट मलमात कालवून रोगाच्या कडेवर लिंपिले असता, पुष्कळ वेळा तेथील रोगाची चाल थांबते असे फ्लॉरिडात दिसून आले. पण ते मलम नव्या जागी रोग उद्भवण्याचे टाळीत नाही. म्हणून त्याच प्रवाळाकडे पुन्हा पुन्हा जावे लागते. आणि समुद्रतळी तोच प्रवाळ पुन्हा सापडावा म्हणून शेजारच्या मृत खडकावर क्रमांकाचा बिल्ला ठोकून, नकाशा काढून, दरखेपेस त्याच बाजूने छायाचित्र घ्यावे लागते. शिवाय अशी औषधे समुद्रात फार वापरल्यास सूक्ष्म जंतू त्यांना दाद देईनासे होतील, ही भीती आहेच. म्हणून प्रवाळांच्या अंगावरील उपकारक जंतूंचा उपयोग करून पाहण्याचे प्रयोगही चालू आहेत. सर्व प्रवाळ वाचत नाहीत. किंबहुना बहुसंख्य वाचले नाहीत. तथापि ज्यांची नोंद होती त्यांतले काही वाचले, आणि ज्यांची नोंद नव्हती ते केव्हा गेले हेही कळले नाही.

आपल्या किनाऱ्याविषयी

हा रोग अटलांटिकाच्या बाजूचा, आणि आपल्या समुद्रातील प्रवाळांच्या जाती निराळ्या. परंतु प्रवाळ आपल्या किनाऱ्यावरही आहेत. मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर पाषाणप्रवाळ वाढतात, आणि त्या भागास १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेस, भर समुद्रात, कान्होजी आंग्रे ह्यांच्या घराण्याचे नाव धारण करणारा आंग्रिया बँक नावाचा बुडालेला उंचवटा आहे; तेथेही प्रवाळांची मोठी वस्ती आहे. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमाने पाषाणप्रवाळांस पहिल्या अनुसूचीत संरक्षण दिलेले असून त्यांचा तुकडाही तोडणे वा विकणे हा गुन्हा आहे. सुट्टीत मालवणास जाऊन मुलांना पाण्याखालचे जग दाखविणाऱ्या पालकांस आमची विनंती आहे की, प्रवाळावर पाय ठेवू नये, हात लावू नये, आणि प्रवाळावर नांगर टाकणाऱ्या नावाड्यास सौम्य शब्दांत तसे न करण्याविषयी सांगावे. आठवण म्हणून तुकडा आणण्याचा मोह तर मुळीच धरू नये.

शाळेत करून पाहण्याजोगा पाठ

समुद्र दूर असला तरी हा पाठ शाळेच्या आवारातही करिता येतो. दहा मीटर सुतळी घ्यावी व कुंपणाच्या कडेने पसरावी. तिच्या एका बाजूस एक मीटर रुंदीची पट्टी आखून तीतील सर्व झाडे-झुडपे मोजावी. प्रत्येकाची पाने पाहून कीड लागलेली, सुकलेली व रोगट अशी निवड करावी. भोक असेल तर कडा कुरतडलेल्या आहेत का, अळी पानाखाली दडली आहे का, हे आधी पाहावे. दोघा विद्यार्थ्यांनी एकमेकांची पाटी न पाहता मोजणी करावी व शेवटी आकडे ताडावे. ते जुळणार नाहीत. पहिल्या खेपेस कोणाचेच जुळत नाहीत. मग पुन्हा एकत्र पाहून फरक कशामुळे पडला ते शोधावे. महिन्याने त्याच जागी पुन्हा मोजणी करावी. जेथे काही आढळले नाही तेथे तसे लिहावे. एका वर्षाच्या अखेरीस ती वही विज्ञानाच्या शिक्षकांस दाखवावी. छापील पुस्तकातील वनस्पतिशास्त्राचा धडा तिच्यापुढे त्यांना कोरडा वाटला तर आम्हांस नवल वाटणार नाही.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या पाणबुड्यांपाशी मोठी यंत्रे नाहीत. पाटी, पेन्सिल, फीत, आणि पाहण्याचा अभ्यास एवढेच त्यांचे भांडवल. जे आहे तेच लिहावे, जे नाही ते लिहू नये, आणि न समजता नाव देऊ नये, ही त्यांची शपथ. अशी साक्ष देणारा डोळा जन्मतः कोणास मिळत नाही. तो शिक्षणाने येतो व अभ्यासाने टिकतो. परमेश्वराने निर्माण केलेल्या सृष्टीची राखण मनुष्याकडे सोपविली आहे असे आपण मानितो. राखणदाराचे पहिले कर्तव्य म्हणजे आपल्या स्वाधीन काय आहे ते मोजून ठेवणे. कारण कळपातील मेंढरे ज्याने मोजलीच नाहीत, त्यास हरवलेले मेंढरू शोधावयास जाण्याची बुद्धी कोठून होणार?